रेशमाचे पृष्ठसंस्करण

रेशमाचे पृष्ठसंस्करण : रेशमाच्या तंतूचा गाभा शक्य तितका अबाधित ठेवून त्याच्या केवळ बाह्य पृष्ठभागावर रासायनिक, यांत्रिक वा विद्युत् क्रिया करून त्याची रंगग्राहकता, पाण्याने भिजण्याची क्षमता, चकाकी, स्पर्श इ. गुणधर्म बदलण्याच्या विविध प्रक्रियांना ही संज्ञा देतात. क्षाराच्या पाण्यात रेशीम उकळून त्याचा डिंक काढणे ही यांतील सर्वांत जुनी, तर अल्पदाबी वायूतील विद्युत् विसर्जनाने म्हणजेच आयनद्रायूने (प्लाझ्माने) तंतूवर क्रिया करणे ही सर्वांत अलीकडची प्रक्रिया होय. दुसऱ्या प्रक्रियेच्या इतिहासात मुंबईत झालेल्या संशोधनास विशेष स्थान आहे व ते संशोधन विदर्भाच्या जंगलांत मिळणाऱ्या टसर रेशमाच्या जातीवर आधारलेले होते, ही गोष्ट महाराष्ट्रातही फारशी परिचित नाही. [→ आयनद्रायु भौतिकी; रेशीम].

तुतीवर वाढणारा रेशमाचा किडा कोश करताना तोंडाजवळील छिद्रातून दोन सूक्ष्म धागे एकाच वेळी बाहेर टाकतो. हे धागे फायब्रॉइन या प्रथिनाचे असून सेरिसिन या दुसऱ्या चिकट प्रथिनाने ते एकमेकांस जोडलेले असतात. कच्च्या रेशमात सेरिसिनाचे प्रमाण वजनाने सर्वसाधारणपणे २० ते ३० टक्के असते. हा डिंक असेपर्यंत रेशीम राठ व निस्तेज दिसते. तो निघून गेल्यावरच रेशमास त्याची सुपरिचित चकाकी व मऊपणा प्राप्त होतो. फायब्रॉइन तंतूचा छेद तुतीच्या रेशमात गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखा असतो व त्याचा व्यास सु. १० ते १५ मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. टसराचा तंतू याहून बराच जाड, चपटा व फितीसारखा असतो. रासायनिक दृष्ट्याही दोहोंत फरक आहे. तुतीच्या रेशमात ग्लायसीन हे ॲमिनो अम्ल सर्वाधिक, तर टसरात ॲलॅनीन अधिक असते. टसराच्या कोशाचे कवच अत्यंत कठीण असून त्यात टॅनिनांसारखी द्रव्ये मुरलेली असतात. म्हणून टसराचा डिंक काढणे अवघड जाते आणि त्यावर फिकट, स्वच्छ रंग चढविणे त्याहूनही अवघड जाते.

डिंक काढण्यासाठी क्षार लागतो. भारतात यासाठी पापडखार, वनस्पतींच्या राखेचे पाणी व पुढे साबण वापरण्यात येऊ लागला. आसाम व बंगाल या भागांत केळीच्या खोडाची व सालींची राख पाण्यात कालवून काढलेला निवळ याच कामी येई, कारण या राखेत पोटॅशियमाचे क्षार विपुल असतात. आज केळीच्या पिकासाठी प्रसिद्ध असलेल्या सावदा–रावेर परिसरात या खोडांचे ढीग बांधावर कुजत पडलेले दिसतात, तेव्हा या जुन्या उपयोगाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

खानदेश हा मूलतः कापसाचा प्रदेश आहे. येथे रेशमाची पैदास पूर्वी होत नव्हती. तथापि कापड, रंग व जर यांच्या व्यापाराचा एक प्राचीन मार्ग या भागातून जात असे. मोगल काळात खानदेश सुभ्याची राजधानी बऱ्हाणपूर येथे होती. सतराव्या शतकात भारतात आलेला फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्न्ये याने तेथील अतितलम व जरीच्या कापडांचे आणि ती इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असल्याचे वर्णन केले आहे. बऱ्हाणपूरचा कलाबतूचा धंदा प्रसिद्ध होता. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा देऊन ती चपटी करावयाची व रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळावयाची, ही कलाबतूची कृती होय. यात रेशीम अदृश्य होते व पृष्ठभाग तेवढा धातूचा राहतो. पृष्ठसंस्करणाच्या काटेकोर व्याख्येत ही कृती बसत नाही. पण धाग्याचे मोल त्याच्या गाभ्यावरून न ठरता पृष्ठभागावरून ठरते, हे कारागिरांना किती स्पष्टपणे ठाऊक होते याचे ते उत्तम उदाहरण आहे. सावदा हे भुसावळ–खांडवा लोहमार्गावरील स्थानक याच पट्ट्यात असून बऱ्हाणपूर तेथून फार दूर नाही.

सावद्याजवळचे फैजपूर हे एकोणिसाव्या शतकात गडद निळ्या व तांबड्या रंगांसाठी नावाजलेले होते. निळा रंग निळीच्या पिंपात बुडवून चढवीत. तांबड्यासाठी दख्खन व निमाड भागांत आल या झाडाच्या मुळ्या वापरीत. येथील रंगाऱ्यांचे काम प्रामुख्याने सुतावर चाले. सूत व रेशीम यांच्या रंगाईतील भेद येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. सुताच्या सेल्युलोजाला आलीचा रंग स्वतःहून धरता येत नाही. त्यासाठी तेल, तुरटी इ. रंगबंधक द्रव्यांची पुटे द्यावी लागतात आणि धुणे-वाळविणे यांत कित्येक दिवस जातात. रेशीम प्रथिनमय असल्याने त्यात अम्ल व क्षार या दोन्ही स्वभावांचे रासायनिक गट असतात व ते अनेक रंग सहज धरते. येवले, पैठण व पुणे येथील रेशीम रंगविणाऱ्यांची कृती त्यामुळे तुलनेने आटोपशीर होती. किरमिजी व लाखेचे तांबडे रंग तुरटीच्या साहाय्याने रेशमावर उत्तम बसत. म्हणजे फैजपूरच्या रंगाऱ्याला आधी सुताचा पृष्ठभाग तयार करावा लागे. येवल्याच्या रंगाऱ्याला तो किड्याकडून तयारच मिळे.

या सर्व कौशल्यावर पहिला मोठा आघात प्रयोगशाळेतून आला. आल व मंजिष्ठ यांतील रंगद्रव्यांच्या वर्गातील ॲलिझरीन हा रंग १८६८ मध्ये जर्मनीत कृत्रिम रीतीने तयार करण्यात आला आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. त्यानंतर काही दशकांतच भारतातील निळीची शेती व आलीची लागवड जवळजवळ नामशेष झाली. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूर येथे झाले व त्या वेळी खादी आणि ग्रामोद्योग यांच्या प्रदर्शनाचे उद्‌घाटन महात्मा गांधींच्या हस्ते झाले. रंगाच्या जुन्या पिंपांचा काळ तोवर सरत आला होता.

रेशमाच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकाने आणखी एक अनिष्ट प्रथा दिली, ती म्हणजे वजनभरती. डिंक काढल्यावर रेशमाचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटते. रेशीम वजनावर विकले जात असल्याने ही घट भरून काढण्यासाठी यूरोपातील कारखानदार धाग्यास कथिलाचे क्लोराइड, सोडियम फॉस्फेट व सोडियम सिलिकेट यांची एकामागून एक पुटे देऊ लागले. कथिलाची संयुगे तंतूत शिरून बसत. घट भरून निघे एवढेच नव्हे, तर मूळ वजनाहून अधिक वजनही साधता येई. कापड जड, भरदार व सुळसुळीत होई आणि ग्राहक संतुष्ट राही. परंतु सूर्यप्रकाशात व घामाने असे रेशीम झपाट्याने जीर्ण होते. यूरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत त्या काळचे पोशाख हात लावताच तुटतात, ते बहुधा याच कारणाने. अमेरिकेत १९३० च्या दशकात शुद्ध रेशमातील भरतीवर मर्यादा घालणारे नियम करण्यात आले. तंतूवर केलेली क्रिया कोठवर पोहोचते, पृष्ठभागापर्यंत की गाभ्यापर्यंत, या प्रश्नाला व्यवहारात किती महत्त्व आहे, हे वजनभरतीच्या या प्रकरणाने दाखवून दिले. पुढे आयनद्रायूकडे संशोधकांचे लक्ष गेले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

टसराचा प्रश्न वेगळा होता. इंग्लंडमधील लीक येथील रंगाई-कारखानदार टॉमस वॉर्डल यांनी भारतीय रानरेशमांचा अनेक वर्षे अभ्यास केला. टसराचे विरंजन करून त्यावर निरनिराळे रंग चढविण्यात त्यांना यश आले व १८७८ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांनी रंगविलेली टसराची कापडे मांडली. त्यामुळे यूरोपात टसराची मागणी वाढली. तथापि विरंजनासाठी वापरावी लागणारी तीव्र द्रव्ये तंतूची ताकद कमी करतात, ही अडचण कायम राहिली. महाराष्ट्रात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत ऐन व अर्जुन या झाडांवर टसराचे किडे वाढवितात. हे काम मुख्यत्वे ढीवर समाजाकडे परंपरेने चालत आले आहे. पक्षी, मुंग्या व अवकाळी पाऊस यांपासून किड्यांची राखण करीत ही कुटुंबे हंगामात जंगलातच मुक्काम करतात. या कोशांपासून विणलेले ‘कोसा’ कापड आंधळगाव, आरमोरी इ. ठिकाणी होते व ते बहुधा नैसर्गिक मधाच्या रंगातच विकले जाते. या रंगाचे चाहते आहेत. पण ज्या बाजारात ग्राहक दर हंगामी नवा रंग मागतो, तेथे कोसा मागे पडतो व त्याचा तोटा अखेर कोश विकणाऱ्याच्या पदरी येतो.

आयनद्रायूची कल्पना स्पष्ट होण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. काचेच्या नळीतील हवा बरीचशी काढून टाकून तीतून उच्च दाबाचा विद्युत् प्रवाह सोडला असता आतील विरल वायू प्रकाशमान होतो. या दीप्त विसर्जनाचा अभ्यास मायकेल फॅराडे यांनी १८३० च्या दशकात केला. विल्यम क्रुक्स यांनी १८७९ मध्ये या अवस्थेला द्रव्याची चौथी अवस्था मानावे असे सुचविले आणि अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये तिला ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले. निऑनच्या जाहिरातीच्या दिव्यात व नळीच्या दिव्यात हीच अवस्था असते. तिचे वैशिष्ट्य असे की, विजेच्या क्षेत्रात गतिमान झालेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा हजारो अंश तापमानाशी तुल्य असते. मात्र वायूचे जड रेणू जवळजवळ खोलीच्या तापमानालाच राहतात. त्यामुळे कागद, कापड, केस यांसारखे पदार्थ या वायूत ठेवले तरी जळत नाहीत. परंतु इलेक्ट्रॉन, आयन, उत्तेजित अणू व जंबुपार किरण यांचा मारा त्यांच्या पृष्ठभागावर सतत होत राहतो. हे कण घन पदार्थात फार खोल शिरू शकत नाहीत. त्यांच्या क्रियेचा प्रभाव मायक्रॉनच्या दशांशाहूनही कमी जाडीच्या थरापुरताच राहतो. दहा-पंधरा मायक्रॉन जाडीच्या तंतूच्या मानाने हा थर नगण्य म्हणावा इतका पातळ असतो. पाणी, साबण वा आम्ल वापरावे लागत नाही आणि सांडपाणीही निघत नाही.

कापड उद्योगात या तत्त्वाचा वापर प्रथम लोकरीवर झाला. लोकरीच्या केसावर खवले असल्याने धुताना ती आकसते. ते टाळण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या क्लोरिनाच्या प्रक्रियेमुळे सांडपाणी दूषित होते. म्हणून १९६० नंतर अमेरिकेत विद्युत् विसर्जनाचे प्रयोग सुरू झाले. पावलाथ व स्लेटर यांनी अल्पतापी आयनद्रायूने लोकर आकसविरोधी करण्याविषयीचे संशोधन १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. रेशमाला खवले नसतात, म्हणून आकसण्याचा हा प्रश्न तेथे नव्हता व पाश्चात्त्य संशोधकांना रेशमाकडे वळण्याचे विशेष कारणही नव्हते.

ते कारण भारतात होते. मुंबई विद्यापीठाचा रसायन-तंत्रविद्या विभाग १९३३ मध्ये स्थापन झाला व वस्त्र-रसायनशास्त्र हा त्याच्या आरंभीच्या दोन विषयांपैकी एक होता. (२००८ मध्ये या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून तिचे नाव रसायन तंत्रज्ञान संस्था असे झाले). माटुंगा येथील या विभागात भौतिकीच्या अंगाने तंतूंच्या संरचनेचा अभ्यास करणारे एन. व्ही. भट यांनी जी. एस. नाडिगेर यांच्यासह टसराचे तंतू व कापड नायट्रोजनाच्या आयनद्रायूत ठेवून त्यांच्या बाह्यरचनेत व वस्त्रोपयोगी गुणधर्मांत होणारे बदल अभ्यासिले. हा निबंध १९७८ मध्ये टेक्स्टाइल रिसर्च जर्नल या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तुतीच्या रेशमावरील त्यांचा पुढचा निबंध १९८५ मध्ये जर्नल ऑफ अप्लाइड पॉलिमर सायन्स या नियतकालिकात आला. रेशमाच्या आयनद्रायू-संस्करणावरील जागतिक वाङ्‌मयात या निबंधांचा उल्लेख आजही आरंभीचे कार्य म्हणून येतो. आधी टसर व मागाहून तुती हा त्यांचा क्रमही अर्थपूर्ण वाटतो. व्यापारी महत्त्वाचे रेशीम म्हणून जगात तुतीच्याच रेशमाचा विचार होत असताना, ज्या तंतूला संस्करणाची खरी गरज होती तो त्यांनी प्रथम निवडला.

अशा प्रयोगाची मांडणी सोपी असते. काचेच्या वा पोलादी पात्रात कापड टांगून पंपाने हवा काढून घेतात व आतील दाब वातावरणाच्या दाबाच्या हजाराव्या भागापर्यंत किंवा त्याहूनही खाली आणतात. मग हवा तो वायू अत्यल्प प्रमाणात सोडून विद्युत् अग्रांना उच्च कंप्रतेचा विद्युत् दाब जोडला की, पात्र जांभळट वा गुलाबी प्रकाशाने उजळते. क्रियेला काही सेकंदांपासून काही मिनिटे लागतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा तंतूचा पूर्वी गुळगुळीत असलेला पृष्ठभाग बारीक खळगे व रेघा यांनी कोरल्यासारखा दिसतो. फायब्रॉइनाचा अस्फटिकी भाग आधी झिजतो, स्फटिकी भाग अधिक टिकाव धरतो. याबरोबरच रासायनिक बदलही घडतात. ऑक्सिजन वा हवा वापरल्यास पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट निर्माण होऊन कापड पाणी चटकन शोषून घेते. नायट्रोजन वा अमोनिया वापरल्यास नायट्रोजनयुक्त गट वाढतात व अम्लरंग धरण्याची शक्ती सुधारते. याउलट फ्ल्युओरीनयुक्त वायू वापरल्यास पाणी कापडावर थेंबाथेंबाने उभे राहते. सल्फर हेक्झाफ्ल्युओराइडाच्या साहाय्याने थाई रेशीम जलरोधी करण्याचे प्रयोग थायलंडमध्ये झाले व ते २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. एकच उपकरण, एकच कापड आणि केवळ वायू बदलताच एकमेकांविरुद्ध परिणाम, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे आकर्षण होय.

डिंक काढण्याच्या कामी आयनद्रायू साबणाची जागा घेऊ शकेल, असेही कधी कधी म्हटले जाते. ते जपूनच स्वीकारले पाहिजे. सेरिसिनाचा थर आयनद्रायूच्या पोहोचेहून पुष्कळच जाड असतो आणि पिळाच्या धाग्यात तो आतील तंतूंमध्येही पसरलेला असतो. चीनमधील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यात अल्पदाबी आयनद्रायूचा वापर डिंक काढण्याच्या पूर्वतयारीसाठी केला आहे. अशी पूर्वतयारी साबणाची व उष्णतेची बचत करू शकेल. उकळण्याचे पात्र मात्र कायमच राहते.

इतर मर्यादाही आहेत. क्रिया अधिक वेळ चालू ठेवल्यास वजन घटते व धागा कमकुवत होतो. जे गट पृष्ठभागावर मोठ्या प्रयासाने निर्माण केले, ते काही दिवसांत वा आठवड्यांत अंशतः नाहीसे होतात, कारण प्रथिनाच्या साखळ्या हळूहळू वळून हे गट आत घेतात व वरून हवेतील मळही बसतो. म्हणून संस्करण केलेले कापड लवकर रंगवावे लागते. सर्वांत मोठी अडचण निर्वाताची आहे. हातमागावरचे कापड मीटर-मीटरने तयार होते. ते निर्वात पात्रात एकेक ताका घालून काढावयाचे, तर पंप, वीज व कुशल तंत्रज्ञ यांचा खर्च विणकराच्या आवाक्यात राहत नाही. १९७८ च्या निबंधातील ज्ञान मुंबईहून भंडाऱ्यापर्यंत पोहोचले नाही, याचे प्रमुख कारण हेच असावे; दुसरे कारण असे की, ते पोहोचविण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. प्रयोगशाळा निबंध प्रसिद्ध करून मोकळी होते, तर विणकर संस्था इंग्रजी नियतकालिके वाचत नाहीत. केंद्रीय रेशीम मंडळाच्या बंगलोर येथील केंद्रीय रेशीम तंत्रविद्या संशोधन संस्थेची स्थापना १९८३ मध्ये झाली, म्हणजे टसरावरील त्या निबंधानंतर पाच वर्षांनी.

निर्वाताची अडचण दूर करण्याचा मार्ग जपानमध्ये सापडला. तेथील ओकाझाकी, कोगोमा व त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये वातावरणीय दाबालाच स्थिर दीप्त विसर्जन मिळविता येते असे दाखवून दिले. त्यामुळे कापड दोन विद्युत् अग्रांमधून अखंड सरकत नेणे शक्य झाले. भारतात गुजरातमधील गांधीनगरजवळच्या आयनद्रायू संशोधन संस्थेने (स्थापना १९८६) या दिशेने काम केले. अंगोरा सशाची लोकर अतिशय गुळगुळीत असल्याने तिचे सूत काततानाच तंतू निसटतात. वातावरणीय दाबाच्या आयनद्रायूने तिचा पृष्ठभाग किंचित खरखरीत करून ही अडचण या संस्थेने दूर केली आणि हिमाचल प्रदेशातील कुलू येथे तसे यंत्र बसविण्यात आले. कारागिराच्या गावापर्यंत गेलेले भारतातील हे उल्लेखनीय उदाहरण आहे. गुवाहाटी येथील संशोधकांनी आसामच्या मुगा रेशमावर आरगॉन आयनद्रायूची क्रिया करून त्याची जलरोधकता व ताकद वाढविल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर शस्त्रक्रियेत टाके घालण्यासाठी अशा मुगा धाग्याचा उपयोग करण्याच्या दृष्टीनेही त्यांनी प्रयोग केले आहेत. वैद्यकीय उपयोगात धागा थोडा लागतो व त्याचे मोल मोठे असते. म्हणून निर्वाताचा खर्च तेथे सोसतो. आयनद्रायू-संस्करणाचा पहिला मोठा व्यापारी उपयोग साडीवर न होता टाक्याच्या दोऱ्यावर होण्याची शक्यता अधिक आहे.

महाराष्ट्रात १९९७ मध्ये नागपूर येथे स्वतंत्र रेशीम संचालनालय स्थापन झाले. त्यानंतर तुतीची लागवड पश्चिम महाराष्ट्र व मराठवाडा या भागांत विशेष वाढली आणि खानदेशातही काही शेतकरी तिच्याकडे वळले आहेत. येवल्याच्या पैठणीसाठी लागणारे रेशीम मात्र पूर्वीप्रमाणेच बव्हंशी कर्नाटकातून येते आणि त्याचा डिंक आजही क्षार व साबण यांच्या उकळत्या पाण्यातच काढला जातो.